दळणाची फेरी

“...पण आकडाच सांगतोय ना बाई, की त्या दोन जागा वेगळ्या आहेत. मग सही कशासाठी अडलीय?”

मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी रिसबूड बाईंच्या व्हरांड्यात उघडते. त्यामुळे मला कान लावावा लागत नाही, तो आपला लागतो.



आवाज तौफिकचा होता. तौफिक शिकलगार. त्याचे वडील आमच्या मिरजेत उसाच्या कोयत्यांना धार लावतात. पोरगा अकरावीपासून बाईंकडे गणिताला येतो. आता तो पुण्याला पीएचडी करतो, आणि बाई त्याच्या दुसऱ्या मार्गदर्शक. म्हणजे त्याच्या प्रबंधाच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात. पुण्याच्या सरांनी केली होती. बाईंची राहिली होती. प्रबंध सोमवारी द्यायचा होता, आणि हा शनिवार.

एवढंच असतं तर मी शेंगा मोडत राहिले असते. पण चौकात फ्लेक्स लागला होता. ‘मिरजेच्या सुपुत्राची जर्मनीत निवड’, मध्ये तौफिकचा कोटातला फोटो, आणि खाली शुभेच्छुक म्हणून तीस-पस्तीस डोकी. जर्मनीच्या सरांनी त्याला फेलोशिप दिली ती याच एका गोष्टीवर, की या दोन जागा वेगळ्या आहेत हे त्याने दाखवलं. आजवर कोणाला ते दाखवता आलं नव्हतं म्हणे.

मी ताट घेऊन व्हरांड्यात गेले. पन्हं हवं का विचारायच्या निमित्ताने.

आता जागा म्हणजे काय, ते मला जेवढं कळलंय तेवढं सांगते. मी दहावी पास. घरी साड्यांना फॉल-पिको करते. बाईंच्या शेजारी सतरा वर्षं राहून जे कानावर पडलं तेवढंच माझं गणित, तेव्हा चुकलं तर ते बाईंचं नव्हे.

ही अशी जागा की जिच्या बाहेर उभं राहून तिच्याकडे बघता येत नाही. आपण आतच. मग ती कशी आहे हे कळायचं कसं? बाई म्हणतात, फेऱ्या मारायच्या. दोऱ्याचं एक टोक घरात ठेवून निघायचं, फिरून परत घरी यायचं, आणि दोन्ही टोकं धरून दोरा ओढायचा. सगळा सुटून हातात आला तर त्या फेरीत काही नव्हतं. कुठे अडकला, तर त्या जागेत काहीतरी आहे.

दोरा अडकणं मला कळतं.

मग प्रत्येक फेरीला एक चौकट द्यायची. चार आकडे, दोन वर, दोन खाली. तिला मॅट्रिक्स म्हणतात. एका फेरीपाठोपाठ दुसरी मारली की चौकटीला चौकट गुणायची. आणि ज्या फेरीचा दोरा सुटून येतो तिची चौकट अशी हवी की तिने गुणलं काय आणि न गुणलं काय, सारखंच. एवढा नियम पाळून चौकटी वाटल्या की त्या सगळ्यांतून शेवटी एक आकडा निघतो. त्याला टॉर्शन म्हणतात.

तो कसा निघतो ते मला विचारू नका. मी एकदा बाईंना विचारलं होतं, टॉर्शन म्हणजे पीळ ना, सुंभ जळला तरी राहतो तो? बाई म्हणाल्या, जवळ आलात. किती जवळ ते सांगितलं नाही.

बाईंची एक रीत आहे. कोणीही विद्यार्थी नवी जागा घेऊन आला की तिच्यातल्या फेऱ्यांना नावं मी द्यायची. त्याने नाही, बाईंनीही नाही. का, तर ज्याला गणित येतं तो आपल्या सोयीची नावं देतो. मी देते ती कोणाच्याच सोयीची नसतात. पोरं हसतात. बाईही हसून सांगतात, नावं ठेवण्यात पद्माताईंचा हात कॉलनीत कोणी धरणार नाही.

तौफिकने हे इतकी वर्षं निमूट सोसलं. या वेळी मात्र तो माझ्याकडे आलाच नव्हता.

बाईंनी नेमकं तेच विचारलं.

“पद्माताईंनी नावं दिली?”

“आता ते सगळं मशीन करतं बाई.”

“नावं देतं?”

“मशीनला नावं लागतच नाहीत.”

बाईंनी माझ्या ताटातली एक शेंग घेतली, मोडली, परत ठेवली...

मग तौफिक बराच वेळ बोलला. त्याच्या दोन्ही जागांत फेऱ्या सारख्या, फेऱ्यांचे नियम सारखे. जुन्या जेवढ्या कसोट्या आहेत त्या सगळ्यांत दोघी सारख्या उतरतात. म्हणून तीन वर्षं त्याने फक्त चौकटी लावल्या. एकीचा आकडा आला चार पॉइंट काहीतरी, दुसरीचा सात पॉइंट काहीतरी. त्याने कागद बाईंच्या मांडीवर ठेवला. शेवटच्या प्रकरणाची सात पानं या दोन आकड्यांवर उभी होती.

आणि जाता जाता तो असंही म्हणाला, की पुण्यात कोणी शेजारणीला विचारून संशोधन करत नाही.

मी पन्हं आणायला गेले. त्याच्या पेल्यात वेलदोडा जरा जास्तच घातला. आपण काही मनावर घेतलं नाही हे दिसायला हवं.

परत आले तर बाईंनी पाटी काढलेली. बाई अजून पाटीवरच लिहितात, कारण कागदावरचं पुसता येत नाही.

पाटीवर पुरी काढली होती. मला म्हणाल्या, ही टम्म फुगलेली पुरी. हिचा वरचा पापुद्रा खालच्याला चिकटवायचा. मी म्हटलं, मग पुरी बसेल. म्हणाल्या, बसणार नाही, मनातल्या मनात चिकटवायचा. मला ते काही जमलं नाही, पण मी मान हलवली.

पुरीच्या कडेला सात खुणा. वरचा पापुद्रा सरळ खाली आणायचा नाही, दोन खुणा फिरवून मग चिकटवायचा. ही एक जागा. शेजारी दुसरी पुरी, तिचा पापुद्रा चार खुणा फिरवून. ही दुसरी जागा.

अशा जागेत म्हणे मूळ फेरी एकच. ती सात वेळा मारली की दोरा सुटतो, त्याआधी नाही. म्हणजे एकदा मारलेली, दोनदा मारलेली आणि तीनदा मारलेली अशा तीन फेऱ्या बघायच्या. पुढच्या तीन म्हणजे याच, उलट्या दिशेने.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिलीला दळणाची फेरी म्हटलं, दुसरीला दुधाची, तिसरीला दवाखान्याची. दुसऱ्या पुरीतही तीच नावं दिली. रोज उठून नवी कुठून आणणार.

“दोन्हीकडे दळणाच्या फेरीवरून आकडा काढ,” बाई तौफिकला म्हणाल्या.

त्याला ते लहान पोराला अंकलिपी दिल्यासारखं वाटलं असावं. इथे चौकटसुद्धा लागत नाही, एकेक आकडा पुरतो, असं तो पुटपुटला. एका हातात फोन, एका हातात खडू. फोनवर मध्येच कोणाचा तरी अभिनंदनाचा मेसेज आला, तो त्याने वाचला. मग हिशेब केला.

पहिल्या पुरीत दळणाच्या फेरीवरून आला एक पॉइंट एकोणसत्तर. दुसऱ्या पुरीत एक पॉइंट छत्तीस.

“वेगळ्या,” तो म्हणाला.

“नक्की?”

“आकडा वेगळा तर जागा वेगळी. तुम्हीच शिकवलंय.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“बे चोक?”

“आठ.”

“आठातून सात गेले?”

“एक...”

त्याचा खडू पाटीवर टेकला तो तिथेच राहिला.

फोन परत वाजला. त्याने तो न बघता पालथा घातला. अकरावीत पहिल्या चाचणीला नापास झाला होता तेव्हाही मी त्याचा चेहरा बघितला होता, कारण तेव्हाही मी इथेच होते. पण असा नव्हता.

मी विचारलं, काय झालं. बाईंनी सांगितलं. एक पुरी दोन खुणा फिरवलेली, दुसरी चार. त्यांचा गुणाकार केला, त्यातून सात काढले आणि एक उरला, की त्या दोन पुऱ्या म्हणजे एकच जागा. फार जुना नियम आहे, कधीच सिद्ध झालेला. तौफिकला तो एमएस्सीलाच शिकवलाय.

“म्हणजे एकाच घराला यानं दोन घरं म्हटलं?” मी विचारलं.

माझं बोलणं असं नको तिथे पडतं. तौफिक खाली बघत म्हणाला, की घाईत होता, लक्षात आलं नाही, आणि ही तर साधी पुरी आहे. बाई म्हणाल्या, मी ते विचारतच नाहीये.

“या पुरीतली दळणाची फेरी आणि त्या पुरीतली दळणाची फेरी एकच, हे कशावरून?”

तौफिकने माझ्याकडे पाहिलं. मला गुन्हा केल्यासारखं झालं.

मी सांगून टाकलं, की नाव सारखं आहे ते माझ्यामुळे. बाकी काही नाही. माझ्या बहिणीची जयसिंगपूरला गिरणी घराला लागून आहे, माझी रेल्वे फाटकाच्या पलीकडे. तीही दळणालाच जाते, मीही दळणालाच जाते. तिचं पाच मिनिटांत होतं, माझी अर्धी सकाळ जाते. नाव एक म्हणून फेरी एक कशी होईल?

बाईंनी तौफिकला उरलेल्या फेऱ्यांवरूनही आकडे काढायला लावले. पहिल्या पुरीत दुधाच्या फेरीवरून आले तीन पॉइंट शून्य पाच, दवाखान्याच्या फेरीवरून एक पॉइंट छत्तीस. दुसऱ्या पुरीत दुधाचे एक पॉइंट एकोणसत्तर, दवाखान्याचे तीन पॉइंट शून्य पाच.

मग बाईंनी तळहाताने पाटीवरची नावं पुसली. फक्त नावं.

इकडे तीन आकडे राहिले, तिकडे तीन.

तेव्हा तर मलासुद्धा दिसलं. तेच तीन होते, नुसते जागचे सरकलेले.



“या पुरीला जशा तीन, तशा तुझ्या जागांना चौकटी लावायच्या रीती किती?” बाईंनी विचारलं.

“सोळा. दोन्हीकडे सोळा. प्रत्येक रीतीचा आकडा वेगळा.”

“आकडा कुठल्या रीतीचा छापलास?”

“पहिल्या.”

“पहिली कोणी ठरवली?”

“मशीनने. जी आधी सापडली ती...”

“मग नाव दिलंच की त्याने,” बाई म्हणाल्या. “पहिली.”

तौफिकने लॅपटॉप उघडला.

सोळाच्या सोळा रीतींचे आकडे दोन्हीकडे काढायला मशीनला दीड तास लागणार होता. मी लॅपटॉप पंख्याखाली सरकवला, कारण तो तव्यासारखा तापला होता. बाईंनी दहीभात खाल्ला आणि खुर्चीतच डोळे मिटले. तौफिक जेवला नाही. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला. मीही घरी गेले नाही. पिकोच्या सहा साड्या पडल्या होत्या, त्या पडू दिल्या.

चालता चालता तो माझ्याशी बोलला, हळू आवाजात. त्याच्या अब्बांनी तीनदा पेढे वाटले होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते फ्लेक्सकडे बोट दाखवून सांगतात, आणि पोरगा काय शोधतो असं कोणी विचारलं की म्हणतात, दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधला फरक. कोयत्याचं पातं नुसतं बोट फिरवून ओळखणारा तो माणूस. त्यांना वाटतं, पोराने आपलाच धंदा पुढे नेला.

मग तो स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाला, की पहिला आकडा गेला तर गेला. सोळातला एक जरी आकडा इकडे असला आणि तिकडे नसला, तरी जागा वेगळ्या. मग छातीवर हात ठेवून सांगता येतं, कोणी नाही म्हणू शकत नाही. फक्त एक हवा.

मी म्हटलं, सोळात एक म्हणजे निघेल की.

तो थोडा हसला. चूक झाली ती रीतीत झाली, निकाल खराच असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मला ते पटलं. मला समोरच्याचं लवकर पटतं.

तीनच्या सुमारास मशीन थांबलं. बाईंनी डोळे उघडले, जणू त्यांना कोणी हाक मारली.

तौफिकने दुसऱ्या जागेची यादी कागदावर उतरवली. पहिल्या जागेचे आकडे मी लॅपटॉपवरून वाचायचे, त्या यादीत तौफिकने शोधायचे, आणि सापडला की पेन्सिलीने खूण करायची, असं ठरलं. बाई नुसत्या ऐकत होत्या.

मी वाचला पहिला. चार पॉइंट आणि पुढे सहा आकडे. त्याला तो अकराव्या ओळीत सापडला. खूण.

दुसरा. सापडला. खूण.

पहिले चार-पाच तर सापडायचेच, असं मी मनात म्हणत होते. सात झाले. आठ झाले. नवव्याला त्याला वेळ लागला, आणि मग पेन्सिलीचा आवाज आला.

बारा झाल्यावर मी आकडे सावकाश वाचायला लागले. सावकाश वाचल्याने ते काही बदलणार नव्हते.

मला त्या आकड्यांचा राग येत होता. सतरा वर्षांत बाईंच्या घरी मी कधी गणित चुकावं म्हणून देवाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. एक, फक्त एक सापडू देऊ नको.

सोळावा मी वाचला.

त्याच्या कागदावर एकच ओळ बिनखुणेची उरली होती. तो तिच्याकडे बघत बसला... मग खूण केली.



“म्हणजे त्या एकच आहेत?” तौफिकने विचारलं.

“असं मी म्हटलं?”

“मग वेगळ्या?”

“असं आकडे म्हणतात?”

“मग काय आहेत बाई?”

बाई समोरच्या कुंपणाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सांगतील. त्यांना माहीत असणारच, परीक्षा बघत असतील. मी वाट बघितली, त्याने वाट बघितली. त्या काही बोलल्या नाहीत.

इथे माझं डोकं चालेना, ते कबूल करते. आकडे जुळले नाहीत तर वेगळ्या, हे ठाम. मग जुळले तर एकच, असं का नाही? मी तौफिकला विचारलं. तो म्हणाला, जुळले तर काहीच कळत नाही. मी म्हटलं, ही कसली कसोटी, जी नाही म्हणताना बोलते आणि हो म्हणायची वेळ आली की गप्प बसते? मग मला आमच्या नात्यातल्या शालनची पत्रिका आठवली. छत्तीसातले एकतीस गुण जुळले होते. दोन वर्षांत ती माहेरी आली. नुसतं जुळण्यावरून काय कळतं, ते मला कळायला हवं होतं.

तरी कळत नव्हतं. त्याला तर माझ्याहूनही कमी कळत होतं, कारण त्याला सगळं येत होतं.

थोड्या वेळाने तो बोलायला लागला, पण बाईंशी नाही, फरशीशी. छापलेल्या पानावर खोटं असं काही नाही, तो म्हणाला. एकीचा आकडा दिलाय तो खरा आहे. दुसरीचा दिलाय तोही खरा आहे. पुण्याच्या सरांनी तपासलंय. बाहेरचे दोन परीक्षक आहेत, ते सोळाच्या सोळा काढून बघत बसणार नाहीत. जर्मनीला जाऊन सहा महिन्यांत तो दुसरी वाट शोधेल, कदाचित जागा वेगळ्याच निघतील, तेव्हा हे सगळं खरंच ठरेल. कोणाचं काही नुकसान नाही...

बाई त्याच्याकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो माझ्याकडे वळला.

“काकू, तुम्ही सांगा.”

आता मी काय सांगणार. खरं सांगते, माझ्या अगदी ओठावर आलं होतं, की करून टाका बाई सही, पोराचं भलं होऊ दे. मी बोलले नाही. धीर झाला नाही म्हणून, की पटत नव्हतं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“जेवून घे,” मी म्हटलं.

तो जेवला नाही. प्रबंध मांडीवर घेऊन बसला. ती सात पानं एकदा पुढून मागे चाळली, एकदा मागून पुढे. मग शेवटच्या प्रकरणातल्या एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. ती ओळ इंग्रजीत होती, पण कुठली ते विचारायची गरज नव्हती.

त्याने खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ खोडली.

मग त्या ओळीवर उभी असलेली सातही पानं, एकेक करून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारून. तिसऱ्या पानाला त्याचा हात थांबला. त्यावर एक आकृती होती, फार सुंदर काढलेली. तिच्यावरून रेघ मारायला त्याला वेळ लागला.

शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती. तिथे त्याने सोळा आकडे लिहिले, शेजारी दुसरे सोळा. खाली दोन ओळी. मी वाकून बघत होते, ते त्याने पाहिलं, आणि न विचारता मराठीत सांगितलं. पहिली ओळ, या एकच आहेत की दोन, ते मला माहीत नाही. दुसरी ओळ, ते कळण्यासाठी काय विचारायला हवं, तेही मला माहीत नाही.

मग त्याने सहीचा फॉर्म प्रबंधातून काढून बाजूला ठेवला, आणि पंख्याने उडू नये म्हणून वर पाटी ठेवली.

“सही नको बाई. सोमवारी देत नाही. यात आता काही उरलं नाही.”

जर्मनीच्या सरांना तो आजच कळवणार होता. फेलोशिप ठेवायची की काढून घ्यायची ते त्यांनी ठरवावं. अब्बांना कसं सांगायचं ते मात्र त्याला सुचत नव्हतं. मला म्हणाला, काकू, तुम्ही याल का बरोबर? मी हो म्हटलं. पदर खोचून उठलेसुद्धा.

बाईंनी हात पुढे केला.

त्याला वाटलं, पाटी मागतायत. त्याने पाटी दिली. बाईंनी ती खाली ठेवली आणि हात पुढेच ठेवला. मग त्याने ते शेवटचं पान दिलं.

बाईंनी ते वाचलं. पुढची खोडलेली बाजू वाचली, मग मागची. ओठ हलत होते. एकदा त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली, नाही अशी. परत पहिल्यापासून वाचलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मी निघायला उठले होते ती पुन्हा बसले.

बाईंना कुठल्याही पानाला इतका वेळ लागलेला मी पाहिलेला नाही...

“पेन.”

तौफिकने पेन दिलं.

बाईंनी फॉर्म ओढून घेतला आणि सही केली. सावकाश, पूर्ण नाव, खाली तारीख.

तो गोंधळून त्या सहीकडे बघत राहिला. मीही.

“पण बाई, मला येत नाही, एवढंच तर लिहिलंय मी.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“आजवर तू मला समजेल तेवढंच आणत होतास.”